कुसाबाईंचा जबाब

कुसाबाईंनी कोथिंबिरीची जुडी सुतळीने आवळली, गोणपाटावर ठेवली आणि पदर सारखा करून सुनेला म्हणाल्या,

"लिही. मी कुसाबाई, राहनार मखमलाबाद, जबाब देते की या सुनेनं माझा पोरगा पळवला."

साधनाचं पेन थांबलं.

"आत्या, असं नसतं लिहायचं."

"मंग कसं? भांडन झाल्याबिगर कुनी जबाब मागत नाय."

चूक साधनाचीच होती. तिचा नवरा योगेश मेलबर्नला फिटर. लग्न झाल्यावर जेमतेम तीन आठवडे राहून परत गेला, त्याला वर्ष झालं. बायकोला तिकडे न्यायचं तर हे लग्न खरं आहे, नुसतं कागदापुरतं नाही, अशी तिथल्या सरकारची खात्री पटायला हवी होती. कॉलेज रोडवरचे वकील म्हणाले, फोटो आणि फोनची बिलं ठीक आहेत, पण सासूबाईंचं एक स्टेटमेंट आणा. नवराबायकोचं कसं आहे ते सासूबाईंच्याच शब्दांत, काही न बदलता. घरी येऊन साधनाने स्टेटमेंटचं सरळ मराठी करून टाकलं, जबाब. आणि जबाब म्हटल्यावर कुसाबाईंना बांधावरची भांडणं आणि पोलीस चौकी एवढंच ठाऊक. त्यातून सुनेचं तोंडावर कौतुक करायची त्या घरात पद्धत नव्हती. नजर लागते म्हणे.

अर्ज फेटाळला गेला तर आणखी किती वर्षं फोनवरच संसार करायचा, या काळजीने साधनाला हल्ली जेवण जात नव्हतं. पण सासूबाईंपुढे कुणाचं काय चालणार? तिने निमूटपणे पेन उचललं.

"सांगा."

कुसाबाई रंगात आल्या.

"फोन आला का मला इचारतो, आई बरी हाय का. मी तोंड उघडायच्या आत, साधना कुठंय? माझं गुडघ्याचं सांगायचं राहूनच जातं. लिहिलं?"

"लिहिलं."

"पोरानं जल्मात कारलं खाल्लं नाय. हिनं केलं म्हून खाल्लं, आन वर अजून वाढ म्हनला. तेबी लिही."

साधनाला हसू आवरेना. ती भाजी कडूजहर झाली होती, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार.

"आन जायच्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हनला, हिला पहाटं भाजी खुडायला नेऊ नको, हिला गारठा सोसत नाय. तवापासून म्या म्हातारी एकटीच वाफ्यात जाते. हे ठळक लिही."

साधना लिहायची थांबली. रोज पहाटे दाराची कडी वाजली की ती जागी व्हायची. शिकलेल्या सुनेला खुडणी जमणार नाही असं आत्यांनी ठरवूनच टाकलंय, असं तिला वाटायचं आणि ते फार लागायचं. आता तिचे डोळे भरून आले.

"का थांबलीस? खोटं हाय का?"

"नाही आत्या. खरं आहे."

तिने ते मोठ्या अक्षरांत लिहिलं. मग सगळा जबाब वाचून दाखवला आणि शाईचं पॅड पुढे केलं. कुसाबाईंनी अंगठा कागदावर टेकवला आणि तो तसाच ठेवून हळूच विचारलं,

"इतक्या तक्रारी झाल्यावर तुला इथंच ठेवतील. व्हय ना?"

हो म्हणून मोकळं होणं सोपं होतं.

"आत्या, याच्यामुळेच मला पाठवतील. ह्यांचा माझ्यावर जीव आहे का, एवढंच तिथल्या सरकारला बघायचंय."

कुसाबाईंनी अंगठा उचलला. कागदावर पुसट ठसा उमटला होता. गोणपाटावरची जुडी उचलून तिची सुतळी त्यांनी पुन्हा आवळली. मग त्यांनी अंगठा पुन्हा साधनापुढे धरला.

"शाई लाव परत," त्या म्हणाल्या. "हा लय फिका उठलाय."