उकऱ्याच्या भिंतीतला पाटा

मित्रांनो, माझ्याशी बोलायचे तर खाली बसावे लागेल, कारण मी जमिनीलगतच असतो. मी एक जुना पाटा आहे. स्वभावाने थोडा जड आहे, पण दगडाचा स्वभाव आणखी कसा असणार? डोंगराच्या पोटातून मला काढले, पाथरवटाने छिन्नीने ठोकून सरळ केले आणि मग अंगभर बारीक टाकी लावली. तेव्हा मी मनातल्या मनात फार रडलो. टाकीच्या त्या खाचांशिवाय पाट्यावर काही वाटले जात नाही, हे मला पुढे कळले.

एका गवंडीकाम करणाऱ्या मिस्त्रींच्या घरी मी आलो, तेव्हा त्यांचा संसार नवा होता. मिस्त्रीणबाई रोज सकाळी माझ्यासमोर बसून मिरची, लसूण वाटायच्या आणि वाटता वाटता आदल्या दिवशीचा राग माझ्यावर काढायच्या. मिस्त्री जेवताना म्हणायचे, "मिक्सरला ही चव नाही." ते ऐकून मी फुशारून जायचो. पुढे घरात मिक्सर आलाच, आणि त्याच मिस्त्रींना चवीतला फरक कळेनासा झाला. माझा जोडीदार वरवंटा दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराशी नेमला गेला. मला अंगणातल्या भिंतीला टेकवून उभे केले. म्हणे, तात्पुरते. माझ्या पाठीमागे कोळ्यांनी संसार थाटला, त्यांची नातवंडे झाली, तरी मला कुणी हात लावला नाही. मला मसाल्याची नाही, हातांचीच फार आठवण यायची.

मग त्या घरात एक कुत्र्याचे पिल्लू आले. मिस्त्रींना ते बांधकामावरच्या वाळूच्या ढिगात सापडले होते. घरात माणसे दोनच, आणि दोघेही सकाळी बाहेर पडायचे; मिस्त्री बांधकामावर, बाई कपडे शिवण्याच्या कारखान्यात. पिल्लू दिवसभर फाटकाच्या गजांतून तोंड काढून रस्ता बघत बसायचे. एकदा त्याचे डोकेच गजांत अडकले. मिस्त्रींनी साबण चोळून ते सोडवले आणि फाटकाला आतून पत्रा ठोकला. "बस आता निवांत," असे म्हणून ते कामावर गेले.

त्याच आठवड्यात पिल्लाने भिंतीखालची माती उकरायला सुरुवात केली. मिस्त्री संध्याकाळी सायकलवरून येत, तो हे महाशय रस्त्यावर. म्हणून त्याचे नाव पडले उकऱ्या. मिस्त्रींनी भोकात विटांचे तुकडे भरले, तर उकऱ्याने शेजारी उकरले. तिथे सिमेंट ओतले, तर तो वीतभर पुढे सरकला. गल्लीतले लोक हसू लागले. "आयुष्यभर भिंती बांधल्या, आणि हे एवढंसं पोर मला ऐकेना," मिस्त्री कपाळाला हात लावून म्हणाले. मग त्यांची नजर माझ्यावर पडली आणि त्यांनी मला उचलून नव्या भोकावर आडवा टाकला.

मला पुन्हा काम मिळाले होते. उकऱ्याने मला हुंगले, चाटले आणि एक सणसणीत शिंक दिली. जुनी मिरची कुठे तरी मुरलेली असावी. मग तो माझ्याच कुशीला पाठ लावून बाजूची माती उकरू लागला. मी पहारेकरी होतो खरा, पण ती उबदार पाठ मला सोडवेना.

एका संध्याकाळी रस्त्यावर टेम्पोचा ब्रेक करकचून वाजला. थोड्या वेळाने मिस्त्री उकऱ्याला उराशी धरून आत आले. उकऱ्या थोडक्यात वाचला होता.

"हा रस्त्यावर मरणार एक दिवस. गोदामाच्या रखवालदाराला सांगितलंय, रविवारी येऊन घेऊन जाईल."

"तिथं साखळीला बांधतात हो," बाई म्हणाल्या.

"जिवंत तरी राहील."

त्या रात्री घरात कुणी नीट जेवले नाही. मी तर दगडच, मला उघड रडताही येईना.

शनिवारी डोके दुखते म्हणून बाई दुपारीच घरी आल्या. संध्याकाळी मिस्त्री येऊन माझ्यावर टेकले, तेव्हा त्या समोर उभ्या राहिल्या.

"अहो, हा पळून जात नाही. मी आले तेव्हा फाटकाबाहेर गुपचूप बसला होता. मला बघून शेपूट हलवली, पण आत काही येईना. मग मीही पायरीवर बसले, म्हटलं बघू तरी. कोपऱ्यावर तुमच्या सायकलची घंटी वाजली आणि हा सुटला."

"म्हणजे रोज?"

"रोजच असणार. तुम्हाला आणायलाच जातो तो. आतून रस्ता दिसत नाही ना त्याला."

मिस्त्रींनी फाटकाच्या पत्र्याकडे बघितले. उकऱ्याने त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली होती.

"पत्रा मीच ठोकला," ते म्हणाले, आणि त्यांनी उकऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला.

रविवारी रखवालदार साखळी घेऊन आला, तेव्हा मिस्त्री छिन्नी-हातोडा घेऊन रस्त्याकडची भिंत फोडत होते.

"चांगली भिंत का फोडताय, मिस्त्री?"

"खिडकी काढतोय. घरातल्या एका माणसाला रस्ता बघायचाय."

रखवालदार चहा प्यायला आणि साखळी घेऊन परत गेला. फाटकाला जाळी लावूनही भागले असते, पण गवंड्याला भिंतच सुचणार. उकऱ्याच्या डोक्याचे माप घेऊन त्यांनी गज जवळ जवळ बसवले. खिडकी थोडी उंच झाली, म्हणून तिच्याखाली विटा रचून त्यावर मला बसवले, पक्के सिमेंट लावून. उकरायची हौस काही एकदम सुटली नाही. त्यासाठी कोपऱ्यात वाळू टाकून दिली आहे, तिथे उकऱ्या मनसोक्त खड्डे करतो. भिंतीखाली मात्र तो आता जात नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी असे भिंतीखाली उकरत असेल. त्याला जरूर अडवा, रस्ते वाईट असतात. पण भोक बुजवण्याआधी, तो कुणाची वाट बघतो आहे, तेवढे बघा.

संध्याकाळ झाली की उकऱ्या माझ्यावर चढून गजांना नाक लावतो. कोपऱ्यावर सायकलची घंटी वाजते. मिस्त्री हल्ली ती जरा जास्तच वेळ वाजवतात. मग उकऱ्या जागच्या जागी असा नाचतो, की त्याच्या नखांनी माझ्या अंगाला रोज नवी टाकी लागते. या वेळी मी रडत नाही.