तिघांची बेरीज

पेढ्यावर हलवायाच्या अंगठ्याचा खळगा तसाच होता, आणि त्या खळग्यात एक मुंगी कडेकडेनं फिरत होती – वाट चहूकडून मोकळी, तरी बाई फिरतच होती. ताटलीत उरलेला हा एकच पेढा. बाकीचे झुंबरच्या वडिलांनी, दादांनी, वाटून टाकले, पंचवटीतल्या अख्ख्या गल्लीत, ओझरच्या कारखान्याला जाणाऱ्या बसमध्येसुद्धा. कुणी विचारो न विचारो, "आमची झुंबर डॉक्टर होणार," आणि हातावर पेढा. बारावीला एक्याऐंशी टक्के... चिमाजी फिटरच्या घरात असला आकडा कधी आला नव्हता. माणूस हुरळेल नाही तर काय करेल.

पण मेडिकलला ते एक्याऐंशी धरतो कोण? तिथं त्या काळी बेरीज तिघांचीच – फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी. झुंबरला हे ठाऊक नव्हतं असं नाही. दादांचा फुललेला चेहरा बघता बघता तीही विसरली होती. काल कॉलेजात सरांनी सायकलला कुलूप लावता लावता सांगून टाकलं, "टोटलवर जाऊ नकोस. मराठीनं वर काढलीय ती. फिजिक्समध्ये मार खाल्लास, तुझं होणार नाही." मराठीत मी कॉलेजात पहिली... त्या मार्कांचं आता लोणचं घालायचं का? तिला हसू आलं, आणि घरात आपण एकटेच हसतोय हे कळल्यावर ते तिथंच थांबलं.

रात्रभर वाक्य जुळवलं होतं. दादा, मेडिकलला टोटल बघत नाहीत. एवढंच तर. सकाळी ते बूट घालत होते तेव्हा सांगायचं होतं; पण बुटाची नाडी बांधताना ते शीळ घालत होते – आई गेल्यापासून ती शीळ तिनं ऐकली नव्हती.

संध्याकाळी दादा परतले, ते शेजारच्या धोंडाबाईंना घेऊनच.

"हिचा गुडघा बघ गं," दादा म्हणाले.

"दादा, मला त्यातलं काही –"

"नुसता हात तर लाव. लय ठणकतो, रात रात झोप नाय," म्हणत धोंडाबाईंनी भिंतीला टेकून लुगडं वर सरकवलं.

गुडघा सुजला होता, चांगलाच गरम होता. झुंबरनं तळवा ठेवला. आता सांगावं, दोघांनाही एकदमच... ओठापर्यंत आलंही.

"बरं वाटलं बघ," धोंडाबाईंनी डोळे मिटले. "पोरीच्या हाताला गुण हाय, चिमाजी."

दादा दारातच उभे होते. त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. कालपासून तिला वाटत होतं, आपलं काहीतरी गेलंय. आपलं कुठलं, ते तर ह्या दारातल्या माणसाचं होतं. आणि ते गेलंय हे त्यालाच माहीत नव्हतं, फक्त तिला होतं. गुडघ्याची ऊब तळव्यात चढत राहिली. तिनं हात तिथेच ठेवला. उचलला असता, तर दादांकडे बघावं लागलं असतं.