तेरा अक्षरं पुढे

आई पलंगाशी बसून पेज गाळत होती, तेव्हा बाबांनी लॅपटॉप पायलकडे वळवला. काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांच्या दोन-तीन ओळी होत्या, पण शब्द एकही लागत नव्हता.

"काय लिवलं वं बाबांनं?" आईनं मान वर केली.

"कॉलेजचं काम आहे, आई."

पायलचे बाबा धम्मानंद नागपुरातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळत. तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं झालेल्या कॅन्सरनं त्यांची जीभ नेली. ऑपरेशननंतर ते रोमन अक्षरांत मराठी टाइप करून बोलत, आणि त्यांची बायको माया शेजारी बसून शब्दन् शब्द वाची. नवऱ्याचा आवाज आता तेवढाच उरला होता. त्यातली एक ओळही ती चुकवत नसे.

पण या ओळी तिच्यासाठी नव्हत्या. लॅबमध्ये दरवर्षी नव्या मुलांना धम्मानंद एक कमांड शिकवत. तिनं प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरके. nahi लिहिलं की anuv उमटे, आणि तीच कमांड पुन्हा चालवली की मूळ शब्द परत येई. पायल लहानपणी बाबांशी हाच खेळ खेळायची.

आई भांडं घेऊन मोरीत गेली. पायलनं कमांड चालवली.

दुसरं ऑपरेशन नको. मी डॉक्टरांना लिहून दिलं आहे. आईला सांग, डॉक्टरच नाही म्हणाले.

पायलच्या बोटांना अक्षरं सरकवायचं भान राहिलं नाही. तिनं सरळ kahun, म्हणजे 'का म्हणून', असं टाइप केलं. बाबांनी ते लगेच पुसलं, पुन्हा सांकेतिक ओळ लिहिली. ती उलगडेपर्यंत आईची पावलं वाजली होती.

मी आपणहून सोडून चाललो, असं तिला वाटू नये.

त्या संध्याकाळी पायलनं आईला सांगितलं, डॉक्टरच नाही म्हणाले. आईनं डॉक्टरांना शिव्या घातल्या, आणि त्या पुढे रोजच्या झाल्या. बाबा डोळे मिटून ऐकत. पाऊस सरता सरता ते घरीच वारले.

नंतर कागदपत्रांसाठी दोघी दवाखान्यात गेल्या. व्हरांड्यात डॉक्टर समोरून आले. पायलनं आईचा दंड धरला, पण ती थांबली नाही.

"तुमी हात काहून सोडला त्यायचा?" आवाज न चढवता तिनं विचारलं. "ते तं तयार होते."

बाकांवरचे पेशंट वळून पाहू लागले. डॉक्टरांनी पायलकडे पाहिलं. तिनं आईच्या आडून हळूच नकारार्थी मान हलवली.

"आमच्यानं नाही झालं, बाई," डॉक्टर म्हणाले. त्यांनी मान खाली घातली.

आई पदर सावरून जिन्याकडे निघाली. पायलनं डॉक्टरांना हात जोडले. त्यांनी, आईच्या मागं जा, अशी खूण केली.