शून्याच्या मागच्या दोन रेषा

मी एक जुना गेज आहे, मित्रांनो. खडे मोजणारा. तळहातात मावेन एवढाच. दोन बारीक जबडे, घड्याळासारखी तबकडी आणि एक काटा. अंगठीत बसवलेला खडा तराजूत घालून भागत नाही, कारण तराजू सोन्याचंही वजन सांगून मोकळा होतो. अशा वेळी माझी आठवण होते. मी खड्याची रुंदी आणि खोली सांगतो. रुंदीला रुंदीने गुणायचं, मग खोलीने, मग त्या जातीच्या खड्याच्या ठरलेल्या आकड्याने. वजन हजर, आणि खडा जागचा हललेलाही नसतो.

कारखान्यात एका चष्मेवाल्या कारागिराने माझा काटा शून्यावर बसवला आणि शेवटी हळूच फुंकर मारली. तिथून मी एका रत्नपारख्यांच्या टेबलावर आलो. खिडकीशी टेबल, त्यावर हिरवं कापड, कापडावर चहाच्या कपांचे गोल डाग. काय दिवस होते ते. पारखी मला हातात घेत आणि समोरचं माणूस श्वास रोखून माझ्या काट्याकडे पाही. खोटं कशाला बोलू, मला त्याचा फार गर्व होता.

पस्तीस वर्षांत माझे जबडे झिजले. ते मिटले की काटा शून्याच्याही दोन रेषा मागे जाऊ लागला. पारख्यांचं त्यामुळे काही अडलं नाही. ते दरवेळी आधी मला मिटवून बघत आणि आलेल्या मापात त्या दोन रेषा मिळवत. हाताला इतकी सवय झाली, की हे कुणाला सांगायला हवं हेच त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. मी सांगितलं असतं, पण माझे जबडे फक्त चावायच्या कामाचे.

पुढे त्यांची नजर गेली. ते खिडकीशी खुर्चीत बसू लागले आणि टेबलावर त्यांची मुलगी आली. हुशार, हलक्या हाताची.

एका सकाळी समोरच्या शिवणकामवाल्या काकू नीलमाची अंगठी घेऊन आल्या. खडा धरणारी नखं सैल झाली होती. अंगठी त्यांच्या यजमानांनी दिलेली, आणि ते आता नव्हते. सोबत पारख्यांच्या अक्षरातली वीस वर्षांपूर्वीची चिठ्ठी होती. खड्याचं वजन २.३० कॅरेट. मुलीने मला खड्याला लावलं. रुंदी ७.८ मिलिमीटर, खोली ४.८. गुणाकार आला २.१०. तिने पुन्हा मोजलं. तेच.

"गेल्या वर्षी पॉलिशला चार दिवस इथेच होती," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "दुसरीकडे कुठे दिली नाही मी."

मुलीने बाबांकडे पाहिलं. त्या क्षणी तिलाही शंका आली, मित्रांनो. मी तिच्या बोटांत होतो, मला ती कळली. उभ्या आयुष्यात ज्यांनी कुणाचा खडा बदलला नाही, त्यांच्यावर माझ्यामुळे ही वेळ आली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मोजण्याआधी मिटवून पाहिलंस का त्याला?" पारख्यांनी विचारलं.

"मिटवायचं कशाला, बाबा?"

पारख्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, दोन रेषा मागे असतो तो. माझंच चुकलं. तुला कधी सांगितलंच नाही."

मुलीने मला मिटवलं. काटा दोन रेषा मागे. तिने दोन्ही मापांत त्या, म्हणजे दोन दशांश मिलिमीटर, मिळवल्या. आठ आणि पाच. गुणाकार आला २.३०.

काकू बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या. "माझ्या टेपचंही टोक झिजलंय," त्या म्हणाल्या. "मी एक इंच सोडून मोजते. सुनेला अजून सांगितलेलं नाही." मग त्या पारख्यांकडे वळल्या. "भाऊजी, मी नको ते मनात आणलं."

"बोलून दाखवलंत ते बरं केलंत. मनात ठेवून गेला असतात तर मला कळलंही नसतं."

त्या गेल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, क्षणभर मलाही वाटलं."

"कळलं मला. आवाजच बंद झाला होता तुझा." "बस जरा. अजून काय काय सांगायचं राहिलंय ते आठवतो."

तिने काम बाजूला सारलं आणि स्टूल त्यांच्या खुर्चीजवळ ओढलं.

आता टेबलावर नवा गेज आहे आणि मी कपाटात असतो. तक्रार नाही. मित्रांनो, जुनी वस्तू हातात घ्याल तेव्हा तिची खोड आधी विचारून घ्या. मला बोलता येत नाही. पण ज्याला ती खोड ठाऊक आहे ते माणूस तुमच्याच घरात कुठेतरी बसलेलं असेल. ते आहे तोवर त्याला विचारा.