उकंड्याची वरात

आमच्या गावात कमेटी आली आणि गाव एकदम शहाणं झालं, असं कमेटीतल्या पुरुषांचं मत होतं. जळगाव जामोदच्या रस्त्यावरचं आमचं गाव. कापसातली सरकी काढायचे दोन जिन निघाले, बाजार वाढला, घरं वाढली आणि घरांबरोबर घाणही वाढली, म्हणून सरकारनं कमेटी नेमली. अध्यक्ष आमचे हे, म्हणजे रामराव. स्वतःचं धोतर दोरीवर टाकायचं ठाऊक नाही आणि निघाले गावाला स्वच्छता शिकवायला. मी हसले की म्हणायचे, "सरस्वती, तुले त्यातलं काय समजते?"

पण खोटं कशाला बोलू, गाव झटलं. दर रविवारी नाल्या उपसल्या, ओटे सारवले, भिंतींना चुना दिला. एका भल्या माणसाचा चुना उरला, तर त्यानं म्हैससुद्धा कमरेपर्यंत रंगवली. तरी गावाची खरी शोभा होती ती मधल्या चौकातली बाग, आणि ती कमेटीनं केलेली नव्हती. ती अब्दुल गनी पिंजाऱ्यानं केली.

बागेच्या जागी पिढ्यान्‌पिढ्या गावाचा उकिरडा होता. आमच्याकडे त्याला उकंडा म्हणतात. गनीचाचांचं दार बरोबर त्याच्यासमोर. त्यांची बायको बिस्मिल्लाबी लग्न होऊन आली त्या दिवसापासून त्याच वासात जेवली. म्हातारपणी तिची नजर गेली, तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "दिसत तं काई नाई आता. वास तरी चांगला येऊ द्या." मागच्या दिवाळीनंतर गनीचाचांनी टोपली उचलली आणि एकटेच कचरा उपसायला लागले. आठ दिवस गाव हसलं, नवव्या दिवशी लाजलं, दहाव्या दिवशी अर्धं गाव टोपल्या घेऊन हजर. पावसाळ्यात झेंडू, गुलबक्षी, शेवंती, निशिगंध असं सगळं लागलं. आता बिस्मिल्लाबी ओट्यावर बसून कोणत्या वाफ्यात काय उमललं ते वासावरून सांगायची. मी काही हळवी बाई नाही, पण ते ऐकायला हातातलं काम टाकून थांबायची.

एवढ्यात उकंडरावांनी अर्ज ठोकला. उकंडराव म्हणजे मोठ्या जिनाचे मालक. कापसाचा हंगाम तोंडावर आला, गाड्या उभ्या करायला चौकातली जागा द्या, असा अर्ज. बुलढाण्याचे साहेब स्वतः येऊन पाहणार होते. जागा स्वच्छ, नीटनेटकी दिसली तर बाग राहील, नाहीतर तिथे बैलगाड्या. साहेबांसाठी दिवस ठरवायला कमेटी बसली आणि दिवाळीचा पाडवा, सकाळी सात, असं ठरवून उठली. कारण काय, तर त्या दिवशी गाव सगळ्यांत स्वच्छ असतं! नऊ पुरुषांनी ठरवलं, नऊ पुरुषांनी एकमेकांची पाठ थोपटली. घरी जाऊन बायकोला विचारावं असं एकालाही वाटलं नाही.

मला कळलं लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, ह्यांचा कोट झटकताना.

"उद्या? पाडव्याले?" मी कोट खाली टाकला. "अहो, उद्या झुंजूमुंजू गावातली एकूनएक बाई घर झाडते. कचरा सुपड्यात भरते, वरतं जुना झाडू, वरतं दिवा, अन् सूप वाजवत अवदसा घराबाहेर काढते. कुठी नेऊन टाकते ठाऊक हाय?"

"कुठी?"

"उकंड्यावर!"

हे खाटेवर बसले. दोनशे घरं, दोनशे सुपडी, आणि त्यांच्या पाठोपाठ साहेब.

मी तशीच झुंबरकाकूंकडे धावले. झुंबरकाकू म्हणजे उकंडरावांच्या आई. अवदसा काढायचा पहिला मान त्यांचा, आणि गावातल्या बायका त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. त्या पान लावत होत्या. उकंडराव शेजारी झोपाळ्यावर करंज्या खात होते.

"काकू, औंदा कचरा गावाबाहेरच्या नव्या खड्ड्यात टाकाले सांगा बायांले," मी म्हणाले.

"काऊन व? अवदसेले तीच वाट ठाऊक हाय. दुसरीकडं टाकली तं घरी वापस येते."

"तथी आता उकंडा राह्यला कुठी? तथी शेवंती हाय!"

"कचरा गेला बाई, जागा तं तीच हाय ना. उकंडा असा उठून जाते काय?"

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "मंग उठवा त्याले! पोरीले नाई का वाजतगाजत दुसऱ्या घरी धाडत? तसा धाडा उकंडा. तथली टोपलीभर माती काढा अन् वरात काढून नवीन खड्ड्यात नेऊन बसवा. अवदसा जाईन त्याच्या मांगं मांगं."

मी रागानं बोलले होते. पण झुंबरकाकूंचा हात पानावरच थांबला. त्यांनी विचार केला, चुना पुसला आणि म्हणाल्या, "हे चालते. पन टोपली उकंड्याच्या नात्यातल्या मानसाच्या डोक्यावर पाह्यजे."

आणि आम्ही दोघींनी एकदमच झोपाळ्याकडे पाहिलं.

त्याचं असं आहे. झुंबरकाकूंची पहिली तीन लेकरं राहिली नाहीत. चौथा जन्मला तो त्यांनी दिवस उजाडताच उकंड्यावर नेऊन ठेवला, म्हणजे मरणाला वाटावं की हे टाकून दिलेलं आहे, कुणाच्या कामाचं नाही. समोरच्या घरातल्या नव्या सुनेनं तो उचलला आणि सूपभर कोंडा घेऊन काकूंना परत विकला. आमच्याकडे असंच करतात. पोरगा जगला. नाव ठेवलं उकंडा, पैसा आला तसा त्याचा उकंडराव झाला. आणि ती नवी सून म्हणजे बिस्मिल्लाबी. गावात हे कुणाला ठाऊक नाही असं नाही. फक्त उकंडरावांसमोर कुणी बोलत नसे.

"मी?" उकंडरावांच्या हातातली करंजी फुटली. "आई, तथी गाड्या लावाले मीच अर्ज केला, अन् मीच टोपली उचलू?"

"तुहा अर्ज सायबापाशी हाय. अवदसा माह्यापाशी हाय," काकू म्हणाल्या. "पहाटंच आंघोळ करून तयार राह्य."

पहाटे जी धमाल उडाली ती काय सांगू! डफडी कडाडली. घराघरांतून सुपं वाजायला लागली. एकेका दारातून बाई निघे, हातांवर सुपडं, सुपड्यात कचरा, कचऱ्यावर झाडू आणि झाडूशेजारी मिणमिणता दिवा. पुढे उकंडराव, जरीचा फेटा, लांब कोट. गनीचाचांना आम्ही रात्रीच सगळं समजावलं होतं, पण त्यांचा विश्वास बसलेला नव्हता. बागेच्या फाटकात कापूस पिंजायची धनुकली आडवी धरून उभे होते. काकूंनी त्यांना हातानंच बाजूला केलं, कोपऱ्यातली माती टोपलीत भरली, तिला हळदकुंकू वाहिलं आणि टोपलीला चक्क मुंडावळ्या बांधल्या. मग ती लेकाच्या फेट्यावर ठेवली. बायका हसून हसून वाकल्या. माझ्या पोटात दुखायला लागलं. नऊच्या नऊ कमेटीवाले मागून माना खाली घालून चालले होते, आणि ते मला फारच गोड दिसत होते.

वेशीपाशी साहेबांचा टांगा आला. वेळेच्या आधी अर्धा तास! वरातीनं सगळा रस्ता भरलेला, टांगा अडला. साहेब खाली उतरले. तरुणच होते, नागपूरकडून नुकतेच बदलून आलेले.

"लग्न आहे का?" त्यांनी विचारलं.

"हो, साहेब," हे म्हणाले.

"नवरदेव कोण?"

"उकिरडा, साहेब."

साहेब ह्यांच्याकडे बघतच राहिले. तेवढ्यात धापा टाकत झुंबरकाकू आल्या. त्यांचं सुपडं सगळ्यांत जड. त्यांनी साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सुपडं त्यांच्या हातात कोंबलं. "धर बापू. माह्यानं आता चालवत नाई."

"काकू, साहेब हायेत ते!" हे ओरडले.

"मंग? सायबाले हात नसतात काय?"

साहेब चालले. खरंच चालले! बूट, हॅट, हातात सुपडं, सुपड्यात दिवा. खड्ड्याशी उकंडरावांनी माती ओतली, दोनशे सुपडी रिकामी झाली, आणि साहेबांनीही आपलं रिकामं केलं. काकूंनी त्यांना बजावलं, "आता मांगं वळून पाहू नोको, अवदसा पाठीशी लागते." साहेब चौकापर्यंत मान ताठ ठेवून आले.

बाग न्हाऊन बसल्यासारखी स्वच्छ होती. ओट्यावर बिस्मिल्लाबी, फाटकात गनीचाचा. साहेब सगळीकडे फिरले, वाकून वाकून पाहिलं, आणि फाटकाशी येऊन थांबले.

"बाग सुंदर आहे," ते म्हणाले. "पण गाड्यांची अडचणही खरी आहे. उकंडराव, अर्ज तुमचा आहे. तुम्हीच सांगा, मी काय लिहू?"

मला त्या साहेबाचा असा राग आला! ज्याला जागा हवी त्यालाच विचारायचं? डफडी थांबली. गनीचाचांनी धनुकली पुन्हा फाटकात आडवी धरली. झुंबरकाकूंनी लेकाकडे पाहिलंसुद्धा नाही, तोंड फिरवलं.

उकंडरावांच्या फेट्यावरून घामाबरोबर माती गालावर उतरत होती.

"कोन, उकंडा का रे?" ओट्यावरून बिस्मिल्लाबी म्हणाली. "सकायपासून राबला. ये, हात धू. अन् पानी वाया नोको घालू, खाली शेवंती हाय, तिच्यावर धू."

तिनं लोटा उचलला. उकंडराव गेले, वाकले, हात पुढे केले. ती पाणी ओतत होती, ते हात चोळत होते, आणि माती शेवंतीच्या मुळाशी जात होती. हात स्वच्छ झाले तरी ते वाकलेलेच राहिले. मग तसेच, मान न उचलता म्हणाले, "गाड्या माह्या आवारात उभ्या राह्यतीन, साहेब. मावशीच्या दारात बैल मुतवू काय?"

साहेबांचेही हात सुपड्यातल्या कचऱ्यानं भरलेलेच होते. ते पुढे झाले आणि उकंडरावांशेजारी वाकून त्यांनी हात पुढे धरले.

बिस्मिल्लाबीनं चाचपून पाहिलं. "अन् हा दुसरा कोनाचा व?" असं म्हणत तिनं त्याच्याही हातांवर लोटा कलता केला.