तेवीस रेघांचा डबा

संजीवसाहेबांचा जबडा मी तोडला, हे खरं. पण आधी डब्याचं ऐका.

आमच्या कारखान्यात टायटॅनियमच्या पावडरीचे थर लेझरने वितळवून माणसांची हाडं बनतात. न वितळलेली पावडर मी चाळते, ती परत वापरतात. दर चाळणीला डब्यावर खडूची एक रेघ. दर फेरीत पावडर थोडी हवा खाते आणि धातू ठिसूळ होत जातो. बारा रेघांना डबा बाद, असा आमचा नियम. साहेबांच्या हट्टापायी या डब्यावर तेवीस झाल्या होत्या.

आदल्या दिवशी त्यातली नमुन्याची सळई मशीनवर ओढून पाहिली. चांगली सळई आधी लांबते, कंबर बारीक करते, मग तुटते. ही खाकऱ्यासारखी कडकन गेली.

आणि त्यातून जबडा सांधायची पट्टी बनायची होती देपालपूरच्या शारदासाठी. नवऱ्यानं हापशीच्या दांड्यानं तिच्या जबड्याचे तीन तुकडे केले होते.

"ह्यातली नाही बनणार," मी म्हटलं. "पोळी चावताना तुटेल. परत चिरतील तिला."

"अरे शैलजाजी, एक बार और! नवा डबा सीलबंद राहू द्या. कौन देख रहा है?" साहेबांनी ओल्या फडक्यानं रेघा पुसल्या. "घ्या, झाला कोरा!"

मी डबा कवटाळला. त्यांनी तो हिसकावला आणि मला ढकललं. कपाटाचा कोपरा लागून भुवई फुटली. डोळ्यात रक्त उतरत होतं, तरी दिसलं: साहेब स्वतः चाळायला उभे. चाळणीचं झाकण उघडं, पावडर पेटू न देणारा आर्गन वायू बंद, ठिणगी टाळायला जमिनीला जोडायची तार लोंबकळत. रेघा न मोजणारा माणूस तार कशाला लावेल?

ठिणगी दिसलीच नाही. एकदम पांढरा उजेड झाला. साहेबांच्या भुवया चरचरल्या. ते किंचाळले आणि पोछ्याची बादली उचलून धावले. पेटलेल्या टायटॅनियमवर पाणी म्हणजे स्फोट, आणि भिंतीपलीकडे सहा जण जेवणाचे डबे उघडून बसलेले.

"पाणी नको! साहेब, पाणी नको!"

बादली वर गेली. कपाटाखालचा मोठा पाना माझ्या हाताला लागला. फिरवला. आवाज मी ओळखला, त्या तुटलेल्या सळईचाच. पाणी माझ्या पायांवर सांडलं. साहेब तोंड धरून कोसळले, बोटांतून रक्त. त्यांना ओढत दाराबाहेर टाकलं आणि आगीवर कोरडी वाळू पसरली, हलक्या हातानं, बाळावर पांघरूण घालावं तशी.

चौथ्या दिवशी दवाखान्यात गेले. साहेबांचे दात तारेनं बांधलेले. त्यांनी कागदावर लिहिलं: माझी पट्टी कोणत्या पावडरची?

"नवा डबा उघडला, साहेब. त्यातली शारदाची बनली. उरलेली पावडर मी चाळली, तार लावून. त्यातली तुमची."

त्यांचे डोळे मोठे झाले.

"एकच रेघ आहे," मी म्हटलं, "घाबरू नका भिया." आणि घरून आणलेल्या पेजेत नळी घालून ती भावाला भरवावी तशी त्यांच्या ओठांशी धरली.