देव्हाऱ्यातली सनद

वडप्याच्या केसरीनाथ पाटलांनी देव्हाऱ्यातून पेशवाईतली सनद काढली, ते साल २००६. हमरस्त्यालगत गोदामं उठत होती आणि टेकडीखालची जमीन आपल्या पूर्वजाला इनाम मिळाली होती, असं पाटलांचं म्हणणं. ती जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसत होतं पाड्यावरच्या सोमीचं घर. सनद खरी ठरली तर तिची चूल उठणार.

मोडी वाचता येते म्हणून कागद माझ्याकडे आला. हळदीकुंकवाने माखलेला. सनदेत नाव लडकू पाटील.

"हे तर तुमच्या वडिलांचं नाव!"

"पूर्वजाचंच ठेवलेलं, गुरुजी. वाचा तुम्ही."

मी देवळात मोठ्याने वाचू लागलो; सोमीही दाराशी ऐकत होती. भाषा अशी गोड, की माझी मान डोलायला लागली. तेवढ्यात समासात बारीक अक्षरं दिसली: 'इथे विठ्ठलनामाचा गजर.'

"केसरीनाथशेठ, पेशव्यांच्या कारकुनाला गजर कशाला हवा? हा हात कीर्तनकाराचा."

मोडी लिहिणारे कीर्तनकार आमच्या पट्ट्यात एकच, काल्हेरचे रामनाथबुवा. रिक्षा बोलावली, तर सोमी आधीच आत.

"तू कुठे?" पाटील म्हणाले.

"शेत माजा हाय. मी न्हाय उतरनार."

बुवा आता ऐंशीच्या पुढचे. कागद पाहिला आणि खुदकन हसले. "अरे, हा माझाच! रामजन्माला तुमच्या अंगणात कीर्तन होतं. आख्यानात राजाची सनद वाचायची होती. कागद चहात बुडवला, शिक्का बटाट्यावर कोरला."

"पण नाव?" पाटलांनी विचारलं.

"यजमानाचं. ज्याच्या अंगणात कीर्तन, त्याला इनाम, ही माझी पद्धत. दुसऱ्या दिवशी मानकोलीला तीच जमीन तिथल्या यजमानांना देऊन टाकली! तुमच्या वडिलांनी प्रसाद म्हणून कागद मागितला. नाही कसं म्हणू?"

पाटलांनी कागदाची जपून घडी घातली.

"तहसीलला अर्ज दिलाय," ते पुटपुटले. "उद्या मागे घेतो. बापाने जन्मभर फुलं वाहिली याला. मी याच्याकडून खोटी साक्ष काढू?"

माझे डोळे भरून आले. सोमीचे मात्र चमकत होते.

"बुवा, आमच्या पाड्यावं कवा येता कीर्तनाला? तवा माजा नाव टाका."

बुवांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "किती एकर घालू?"

"हाय तवढीच," सोमी म्हणाली.